दोन एकर वीस गुंठे

तेलंगणातल्या बेज्जूर मंडलात जमिनीच्या कागदावर '२.२०' असं क्षेत्र लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. प्राणहिता ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात गेलं आणि तिथल्या सातबाऱ्यावर '२.२०' दिसलं, तर ते दोन हेक्टर वीस आर. शंभर आरांचा हेक्टर होतो, त्यामुळे नदीपलीकडचा बिंदू हा शाळेत शिकलेला दशांश बिंदूच असतो. अलीकडचा बिंदू तसा नाही. एकर चाळीस गुंठ्यांचा, म्हणून इथे बिंदूनंतरचा आकडा ३९ च्या पुढे जात नाही; चाळीस भरले की एकर एकाने वाढतो आणि गुंठे पुन्हा शून्यावर येतात. कागदावर दोन्ही आकडे अगदी सारखे दिसतात. संगणकात भरायला बसणाऱ्याला ते एकाच जातीचे वाटतात, आणि तिथूनच या प्रकरणाचा विषय सुरू होतो.

बेज्जूर आधी आदिलाबाद जिल्ह्यात होतं. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणात नवे जिल्हे झाले, तेव्हापासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा या पट्ट्यात कानावर पडतात. इथला गुंठा आला मोजणीच्या साखळीतून. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फुटांचा. असे चाळीस जमले की ४३,५६० चौरस फुटांचा एकर. बारीक वाटणीसाठी गुंठ्याचेही पुन्हा सोळा आणे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आज राजुऱ्याच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहेत आणि बेज्जूरच्या जमिनीच्या पासबुकावर एकर-गुंठे. जुना जिल्हा एक, मापं दोन.

तेलंगणात जमिनीच्या नोंदी आता संगणकावर आहेत. २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरणी पोर्टल सुरू झालं, आणि १४ एप्रिल २०२५ पासून त्याची जागा भू भारतीने घेतली. सरकारी पोर्टलांच्या पोटात काय रचना आहे, त्याबद्दल हे प्रकरण नाही. पण जमिनीचे आकडे केवळ सरकार ठेवत नाही. पतपुरवठा सोसायटी ठेवते, बँक ठेवते, पीक विम्याचं काम करणारी कंपनी ठेवते, गावातला एखादा हुशार मुलगा मोबाइल अ‍ॅप बनवून ठेवतो. यांतल्या प्रत्येकाला टेबल बनवताना एक प्रश्न सोडवावाच लागतो: क्षेत्राचा रकाना कोणत्या प्रकारचा?

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं उत्तर म्हणजे 'फ्लोट', म्हणजेच फ्लोटिंग पॉइंट आकड्यांचा रकाना.

ते चुकीचं का, याची पहिली पायरी तर संगणकशास्त्राच्याही आधीची आहे. '२.२०' फ्लोट रकान्यात घातलं की शेवटचं शून्य गळतं आणि २.२ उरतं. आता या २.२ चे तीन अर्थ होऊ शकतात. मूळ कागदाप्रमाणे दोन एकर वीस गुंठे. दशांश समजून वाचलं तर दोन एकर आठ गुंठे. आणि एखाद्याने बिंदूनंतरच्या दोनला दोन गुंठेच समजलं तर दोन एकर दोन गुंठे. पैशांत हा फरक किती पडतो पाहू. १० मे २०१८ रोजी तेलंगणात रैतू बंधू योजना सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याला मदत म्हणून सुरुवातीला दर हंगामाला एकरी ४,००० रुपये मिळत, पुढे ५,००० झाले. एकरी ५,००० म्हणजे गुंठ्याला १२५ रुपये. अडीच एकरांचे १२,५००, दोन एकर आठ गुंठ्यांचे ११,०००, दोन एकर दोन गुंठ्यांचे १०,२५०. नोंद एकच, शेतकरी एकच, आणि वाचणाऱ्याप्रमाणे रक्कम तीन.

बेरजेत तर आणखी गोंधळ. एक एकर पंचवीस गुंठ्यांचे दोन तुकडे एकत्र केले तर तीन एकर दहा गुंठे व्हायला हवेत. संगणक १.२५ मध्ये १.२५ मिळवून २.५० सांगेल. पन्नास गुंठे नावाची गोष्ट या मापात अस्तित्वातच नाही, पण संगणकाला ते कुणी सांगितलेलं नसतं.

समजा, कुणी हुशारीने ही अडचण सोडवली. गुंठ्यांना चाळीसने भागून खऱ्या दशांशात एकर केले: वीस गुंठे म्हणजे ०.५, दहा म्हणजे ०.२५, चार म्हणजे ०.१. आता तरी फ्लोट चालेल? इथे दुसरी पायरी येते, आणि ती खास फ्लोटिंग पॉइंटची आहे.

संगणक आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो, दोनच अंकांत. आपल्या दशमान पद्धतीत एक भागिले तीन कधीच संपत नाही, ०.३३३३ असं लांबतच जातं, कारण दहाच्या अवयवांत तीन नाही. द्विमानात तर दोन सोडून दुसरा अवयवच नाही. त्यामुळे ज्या अपूर्णांकाचा छेद दोन, चार, आठ, सोळा असा दोनच्या पटीपटीतून आलेला असतो, तोच तिथे पुरता बसतो. एक दशांश, आपला साधा ०.१, द्विमानात अनंत आवर्ती होतो. तो कुठेतरी तोडावाच लागतो. ही तोडातोड कशी करायची, किती बिट ठेवायचे, जवळचा आकडा कसा निवडायचा याचे नियम १९८५ मध्ये आय-ट्रिपल-ई ७५४ या मानकाने ठरवले. त्यामागचं मुख्य डोकं विल्यम कहान यांचं, आणि या कामाबद्दल त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चौसष्ट बिटांपैकी एक चिन्हाला, अकरा घातांकाला, बावन्न अंकांना. ताऱ्यांची अंतरं आणि अणूंचे आकार एकाच मापात मांडण्यासाठी ही रचना अप्रतिम आहे. तिला दोष देणं अन्यायाचं होईल. ती ज्या कामासाठी केली ते ती उत्तम करते. शेतकऱ्याच्या गुंठ्यासाठी ती केलेली नव्हती.

तर चार गुंठे म्हणजे ०.१ एकर. चौसष्ट बिटांत हा आकडा प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५११ असा काहीसा बसतो. जमीन म्हणून पाहिलं तर ही चूक धुळीच्या कणाहूनही लहान. तिच्यामुळे कुणाचा बांध सरकत नाही. सरकते ती दुसरीच गोष्ट. एका एकराचे दहा वारस आहेत आणि प्रत्येकाच्या नावे चार गुंठे लागले आहेत, असं धरा. टेबलात दहा ओळी, प्रत्येकीत ०.१. वाटण्यांची बेरीज मूळ क्षेत्राइतकी आहे की नाही हे फेरफार मंजूर होण्याआधी तपासायची अट प्रोग्राममध्ये घातलेली आहे, आणि ती असायलाच हवी. संगणक एकामागून एक दहा वेळा ०.१ मिळवतो आणि उत्तर येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९. ते एकाच्या बरोबर नाही, म्हणून वाटणी नामंजूर. दहाही वारसांचं काही चुकलेलं नाही, नोंद करणाऱ्याचं नाही, गणिताचंही नाही.

ही चूक बराच काळ दिसतही नाही, याला एक गमतीचं कारण आहे. एक ते एकोणचाळीस गुंठ्यांपैकी पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस आणि पस्तीस एवढेच सात आकडे एकरात बदलल्यावर द्विमानात पुरते बसतात. बाकीचे बत्तीस बसत नाहीत. आणि प्रोग्राम तपासून पाहणारा माणूस नमुना म्हणून काय घालतो? अर्धा एकर, सव्वा एकर, अडीच एकर. सगळं बिनचूक जुळतं. मग पहिल्याच आठवड्यात कुणाचे तरी सात गुंठे येतात. त्यातून पडदाही खरं दाखवत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस २०१९ मध्ये बारावी आवृत्ती येईपर्यंत अशा आकड्याचे पंधराच अंक छापत असे, त्यामुळे वरची बेरीज तिथे सरळ '१' दिसायची. पडद्यावर एक, तुलनेत मात्र एक नाही. अशा चुकीमागे लागून माणसांच्या रात्री गेल्या आहेत.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या आपल्या आजोबांचे अपूर्णांक बहुतेक सगळे दोनच्या घरातले होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. हे सगळे छेद संगणकाला तंतोतंत चालतात. रुपयाचे पंधराही आणे, त्रेसष्टही पैसे फ्लोटमध्ये एका कणाचीही चूक न होता बसले असते. फक्त पै, रुपयाचा एकशेब्याण्णवावा भाग, अडली असती, कारण तिच्या छेदात तीन आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक ते नव्याण्णव पैशांपैकी आज फ्लोटमध्ये पुरते बसतात ते पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर, म्हणजे चार आणे, आठ आणे आणि बारा आणेच. उरलेले शहाण्णव आकडे जवळपासचे असतात. दशमान नाणी माणसाला सोपी झाली यात शंका नाही. संगणकाच्या पोटात मात्र ती अडचणीची ठरली.

रुपयांच्या रकान्याला तर चौसष्टऐवजी बत्तीस बिटांचा फ्लोट दिलेला आढळतो, आणि तिथे धोका लपूनही राहत नाही. कापसाच्या पट्टीचे १,५०,००० रुपये १० पैसे झाले. १,३१,०७२ ते २,६२,१४४ या टप्प्यात बत्तीस बिटांच्या फ्लोटला रुपयाच्या चौसष्टाव्या भागाहून लहान पाऊल टाकताच येत नाही. दहा पैसे त्या पायऱ्यांवर बसत नाहीत, म्हणून फ्लोट सर्वांत जवळच्या पायरीवर जातो आणि साठवतो १,५०,०००.०९३७५. छापताना ९ पैसे. याच प्रकारात १,६७,७७,२१७ हा पूर्णांकसुद्धा ठेवता येत नाही. तो १,६७,७७,२१६ होतो, पूर्ण एक रुपया गायब. हजारो पट्ट्यांची बेरीज केली की ताळेबंद जुळत नाही आणि संशय माणसावर जातो. मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. हिशेब लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर डाग येतो आणि दोष असतो रकान्याच्या प्रकारात.

एक दशांशाने माणसांचे जीवही घेतले आहेत. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरबस्तानातल्या धाहरानमध्ये अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा एक इराकी स्कड अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मरण पावले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होतं आणि ती मोजणी पूर्णांकात असल्यामुळे बिनचूक होती. मग तिला ०.१ ने गुणून सेकंद केले जात, आणि हा ०.१ चोवीस बिटांत कापून बसवलेला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू राहिली तेव्हा हा फरक साचत साचत एक तृतीयांश सेकंदावर गेला. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. मोजलेले पूर्णांक अखेरपर्यंत बरोबर होते. घात केला रूपांतराने.

उपायही यातच दिसतो. जी संख्या मोजून येते, तिच्या सगळ्यात लहान एककात तिला पूर्णांक म्हणून ठेवावं. पैसे पैशांत. जमीन गुंठ्यांत, आणि वाटण्या बारीक असतील तर आण्यांत. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे सोळाशे आणे. १,६०० हा आकडा कोणत्याही संगणकात, कोणत्याही भाषेत, कितीही वेळा मिळवला-वजा केला तरी बिघडत नाही. पासबुकावर छापताना ६४० ने भागून एकर काढावेत, बाकीला १६ ने भागून गुंठे. एकर आणि गुंठे असे दोन वेगळे पूर्णांक रकाने ठेवणंही चालतं. मग गुंठ्यांवर 'चाळीसपेक्षा कमी' ही अट टेबलातच घालावी आणि बेरजेत हातचा विसरू नये.

दुसरा मार्ग दशमान रकान्याचा. पोस्टग्रेसमध्ये त्याला 'न्यूमेरिक' म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये 'डेसिमल', ओरॅकलमध्ये 'नंबर'. हे प्रकार आकडा दशमान अंकांतच साठवतात. पोस्टग्रेस चार-चार अंकांचे गट दोन बाइटांत ठेवतो, मायएसक्यूएल नऊ अंक चार बाइटांत. एक गुंठा म्हणजे ०.०२५ एकर, तीन स्थळांत संपतो. एक आणा म्हणजे ०.००१५६२५ एकर, सात स्थळांत संपतो. म्हणून बिंदूनंतर सात स्थळं दिलेला दशमान रकाना एकरांत लिहिलेलं क्षेत्र आण्यापर्यंत तंतोतंत ठेवतो, आणि दहा वारसांची बेरीज तिथे बरोबर एक येते. हे प्रकार फ्लोटपेक्षा थोडे हळू चालतात, पण एका मंडलाच्या नोंदींना तो उशीर जाणवतसुद्धा नाही.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावं लागतं. मोबाइल अ‍ॅपमध्ये बहुधा एसक्यूलाइट असतो. त्यात 'डेसिमल' असं नाव लिहिता येतं, पण त्या नावामागे खरा दशमान प्रकार नाही, ०.१ तिथे चौसष्ट बिटांचा फ्लोट होऊनच बसतो. तिथे पूर्णांकाचाच मार्ग धरावा. दुसरं म्हणजे डेटाबेसात आकडा नीट असून वाटेत बिघडतो. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ही नेहमी फ्लोटच असते. क्षेत्र किंवा रक्कम ब्राउझरपर्यंत न्यायची तर ती अक्षरांच्या रूपात न्यावी.

भागाकार उरतोच, आणि तो कोणत्याही रकान्याने सुटत नाही. एक एकर तीन भावांत वाटायचा: ६४० आण्यांचे २१३ प्रमाणे तीन वाटे, एक आणा शिल्लक. हा आणा ६८ चौरस फुटांचा आहे, एका लहान खोलीएवढा. तो कोणाच्या नावे लावायचा हे माणसांनी ठरवायचं आणि टेबलात लिहायचं. फ्लोट हा प्रश्न सोडवत नाही, नुसता झाकतो. निजामाच्या राज्यातल्या व्यवहाराला हे ठाऊक होतं. तिथला हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार यांचा दर सात हालीला सहा कलदार असा होता. शंभर कलदारांचे हाली दशांशात काढले तर ११६.६६६ असे संपतच नाहीत. जुन्या हिशेबात ते ११६ रुपये १० आणे ८ पै होतात, पूर्ण, बाकी शून्य, कारण पैच्या छेदात तीन होता. एकक नीट निवडलं की अपूर्णांक उरत नाही.

फ्लोट कुठेच वापरू नये असं मात्र नाही. ३० जून २०२३ रोजी आसिफाबादमध्ये पोडू (जंगलात कसल्या जाणाऱ्या) जमिनींच्या पट्ट्यांचं वाटप सुरू झालं. जंगलातल्या अशा तुकड्यांच्या हद्दी जीपीएसने घेतल्या जातात, आणि अक्षांश-रेखांश ही मापलेली संख्या असते. मापात यंत्राची चूक आधीच असते, त्यामुळे तिथे फ्लोट योग्यच. प्रश्न फक्त किती बिटांचा हा. बेज्जूरचा रेखांश ८० अंशांच्या आसपास आहे. तिथे बत्तीस बिटांच्या फ्लोटची एक पायरी जमिनीवर सुमारे ८० सेंटीमीटरची पडते, म्हणजे हद्दीचा दगड नुसत्या साठवणीत चाळीस सेंटीमीटरपर्यंत सरकू शकतो. चौसष्ट बिटांचा 'डबल' घेतला तर ती पायरी मिलिमीटरच्याही लाखो पटींनी खाली जाते. म्हणून हद्दीचे बिंदू डबलमध्ये ठेवावेत आणि त्या हद्दीतून मंजूर झालेलं क्षेत्र मात्र पूर्णांकात.

हेक्टरात रूपांतर करावं लागलं तर मूळ आकडा पुसू नये. दोन एकर वीस गुंठे म्हणजे १०,११७.१४ चौरस मीटर. सातबाऱ्याच्या पद्धतीने १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर. उलट मोजलं तर शंभर गुंठ्यांना किंचित कमी भरतात. मूळ क्षेत्र, त्याचं एकक आणि रूपांतरित क्षेत्र असे तीन रकाने ठेवले की पन्नास वर्षांनीही कुणाला वाद घालावा लागत नाही.

तुमच्या सोसायटीत, बँकेत किंवा अ‍ॅपमध्ये एकर-गुंठ्यांचं टेबल आधीपासून असेल तर आजच दोन चाचण्या लावा. बिंदूनंतर ३९ पेक्षा मोठा आकडा असलेल्या ओळी वेगळ्या काढा. तिथे कुणीतरी दशांश समजून बेरीज केलेली आहे. बिंदूनंतर एकच अंक उरलेल्या ओळीही काढा. तिथे गळालेलं शून्य आहे, आणि ते वीस गुंठे की दोन, हे शेतकऱ्याच्या हातातलं पासबुक पाहिल्याशिवाय ठरवू नका.